ऐकीव पुरावा

१

गाण्याची आवड असलेली दोन माणसे भेटली, की थोड्याच वेळात आवडीनिवडींची देवघेव सुरू होते. आणि तिला रंग चढला, की मैफलींच्या आठवणी निघतात. कोणी कोणाला कोठे ऐकले, राग कोणता होता, रात्रीचे किती वाजले होते, शेवटी भैरवी झाली की पहाट झाली, हे सारे तपशील हिरिरीने सांगितले जातात. या संभाषणात एक प्रश्न हमखास येतो : ‘तुम्ही त्यांना समोर बसून ऐकले आहे काय?’ प्रश्न वरवर साधा असतो. परंतु त्याच्या आड एक निवाडा दडलेला असतो. ज्याने ऐकले आहे त्याने बोलावे आणि ज्याने ऐकलेले नाही त्याने मान डोलवावी, असा संगीताच्या दरबारातला अलिखित कायदा आहे. या कायद्यात तथ्य किती आणि दंडेली किती, हे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि त्यासाठी सर्व हिंदुस्थानची सफर न करता एकच शहर आणि एकच गायक आम्ही समोर ठेवणार आहोत. शहर बडोदे, गायक उस्ताद फैयाझ खाँ.

बडोद्यातील मराठी घरांत खाँसाहेबांचे नाव ज्या आत्मीयतेने घेतले जाते, ती पाहून परगावच्या माणसास कौतुक वाटावे. ‘आमचे खाँसाहेब’ असा तो उल्लेख असतो. १९१२ च्या सुमारास ते सयाजीराव महाराजांच्या पदरी आले, ५ नोव्हेंबर १९५० रोजी याच शहरात त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांची कबरही येथेच आहे. म्हणजे तीन तपांहून अधिक काळ त्यांचा आवाज या शहराच्या हवेत होता. आम्ही स्वतः गोत्रीस राहतो. गोत्री हे एके काळी शहराच्या पश्चिमेचे एक खेडे होते. आता तेथे तलावाभोवती आणि हमरस्त्याच्या दुतर्फा सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत, आणि दांडिया बाजार, रावपुरा, सुलतानपुरा या जुन्या भागांतून निघालेली कितीतरी मराठी कुटुंबे त्या सदनिकांत राहावयास आली आहेत. या कुटुंबांनी वाडे सोडले, देव्हारे आणि तसबिरी बरोबर आणल्या, आणि त्यांबरोबर ‘आमचे खाँसाहेब’ हा शब्दप्रयोगही आणला.

आता याच घरांत संध्याकाळी काय ऐकले जाते ते पाहावे. बालगंधर्वांची पदे ऐकली जातात. हिराबाई बडोदेकर, वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, जितेंद्र अभिषेकी, किशोरी आमोणकर ऐकली जातात. अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी भ्रमणध्वनीवरून लावली, की वडीलधारी माणसे डोळे मिटून घेतात. परंतु फैयाझ खाँ? त्यांच्याविषयी बोलले जाते; त्यांना लावले जात नाही. कोणी लावलेच, तर दोन मिनिटांनी कोणीतरी अदबीने म्हणते, ‘मोठा माणूस होता; पण आता दुसरे काही लावा.’

अभिमान आणि आवड या दोहोंतली ही फट आमच्या विवेचनाचा विषय आहे. ज्याचा अभिमान आहे त्याची आवड नाही, असे का व्हावे?

२

पेशाने आम्ही वकील आहोत, म्हणून प्रथम आमच्या धंद्यातला एक नियम येथे मांडतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या साठाव्या कलमात असे सांगितले होते, की तोंडी पुरावा हा प्रत्येक बाबतीत प्रत्यक्षच असला पाहिजे. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती पाहिल्याचे, आणि ऐकण्याजोगी असेल तर ती स्वतः ऐकल्याचे साक्षीदाराने सांगितले पाहिजे. तो कायदा १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. परंतु हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे. ‘अमक्याने मला सांगितले, की त्याने ऐकले’ याला आम्ही ऐकीव पुरावा म्हणतो, आणि न्यायाधीश तो बाजूला सारतात.

संगीतात मात्र हे तत्त्व उलटे चालू असलेले दिसते. बडोद्यात आज जे फैयाझ खाँ प्रचलित आहेत, ते बहुतांशी ऐकीव पुराव्यावर उभे आहेत. आजोबांनी वडिलांस सांगितले, वडिलांनी आम्हांस सांगितले. या हस्तांतरात तपशील गळून पडतात आणि विशेषणे तेवढी शिल्लक राहतात. ‘सिंहासारखा आवाज’, ‘दरबारी गायकी’, ‘तसे गाणे पुन्हा होणे नाही’. अशा वाक्यांत गाण्याविषयी काहीच सांगितलेले नसते. म्हैसूर दरबाराने त्यांस ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी दिली, हे प्रत्येकास ठाऊक असते. परंतु संगीताचा हा सूर्य नेमका कसा उगवत असे, षड्जावर तो किती वेळ थांबे, बंदिशीचा मुखडा तो कसा उचली, हे विचारावे तर सगळे गप्प.

कोणी म्हणेल, की त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, आकाशवाणीवरील गायनाच्या काही फिती आहेत. मग ऐकीव पुराव्याचा प्रश्नच कोठे येतो? या आक्षेपात वजन आहे. ध्वनिमुद्रिका हा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवजास तोंडी साक्षीहून अधिक मान असतो. परंतु कोणताही दस्तऐवज वाचताना तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला ते पाहावे लागते. त्या काळच्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. आता हे तीन मिनिटांचे माप कोणत्या गवयास सोयीचे आणि कोणास अडचणीचे, याचा विचार आमच्या रसिकांनी फारसा केलेला नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा, सारंगीच्या गजासारखा अतूट होता. त्यांचा एकच स्वर, नुसता लागला, तरी त्यात त्यांची सारी गायकी उतरत असे. अशा गायकास तीन मिनिटे पुष्कळ झाली. १९३० नंतरच्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या अजून ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालतात, त्याचे हे एक कारण आहे. फैयाझ खाँसाहेबांची रीत निराळी. त्यांचा आवाज खर्जाचा, रुंद आणि घुमारेदार. ख्यालापूर्वी ते धृपदाच्या अंगाने नोम्‌तोम्‌ची आलापी करीत. मंद्रात पाय रोवून, एकेक स्वराला दाराशी उभे करून, मग आत घेत. पुढे बंदिश येई, आणि तिच्या शब्दांशी लयीचा खेळ सुरू होई : बोल कधी मात्रेच्या आधी पडे, कधी मागे रेंगाळे, कधी दुगुनीत दुमडला जाई, आणि समेवर असा येई की सारी बैठक हलावी. अशा गायकीला ऐकणाऱ्याची अपेक्षा आधी बांधावी लागते आणि मग ती हुलकावणी देऊन पुरी करावी लागते. याला वेळ लागतो. तीन मिनिटांत बांधलेली अपेक्षा तीन मिनिटांपुरतीच असते.

तरीही त्यांनी त्या तबकड्यांवर जे साधले ते थोडे नाही. त्यांचा नटबिहाग घ्यावा किंवा जयजयवंती घ्यावी. मुखड्याची झेप, शब्द उच्चारण्यातला नाट्यमय रोख आणि तारसप्तकाकडे टाकलेली ती आर्त पुकार एवढ्या थोड्या अवकाशात ठासून भरलेली आहे. परंतु हे सारे ठासून भरलेले आहे, हीच अडचण. हिराबाईंच्या स्वरांनी ज्याचा कान घडला आहे, त्यास हा ऐवज एकदम अंगावर येतो आणि तो यास ‘ओबडधोबड’ म्हणून मोकळा होतो. त्याने दस्तऐवज वाचला हे खरे, पण तो कोणत्या मोठ्या व्यवहाराचा उतारा आहे हे त्यास कोणी सांगितले नाही.

३

‘मराठी कान गोडव्याचा, आग्र्याची लयकारी त्यास मानवत नाही,’ असे एक सार्वत्रिक मत आहे आणि मराठी रसिक ते काहीशा अभिमानानेच सांगतो. हे मत आम्हांस मान्य नाही, आणि त्याविरुद्धचा पुरावा बडोद्याच्याच इतिहासात आहे.

बडोद्याचा गायनाशी संबंध एका घराण्यापुरता कधीच नव्हता. मौलाबक्ष यांनी १८८६ साली महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा काढली. त्यांचेच नातू इनायत खाँ यांनी पुढे युरोप-अमेरिकेत सूफी विचाराचा प्रसार केला. संस्थानात ‘कलावंत खाते’ होते, आणि गवई, बीनकार, सारंगिये, नर्तकी यांच्या नोकरीस नियम होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्दुल करीम खाँ या दरबारात होते, आणि येथेच ताराबाई माने त्यांच्या शिष्या झाल्या. पुढे ती दोघे बडोदे सोडून गेली, आणि त्यांच्या कन्या हिराबाई यांनी जन्मभर ‘बडोदेकर’ हे नाव मिरविले. मार्च १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही येथेच. म्हणजे किराण्याची गोडी आणि आग्र्याची लय, दोन्ही एकाच दरबाराच्या उंबऱ्यावरून गेल्या आहेत.

याहून महत्त्वाची साक्ष भास्करबुवा बखल्यांची आहे. बुवांचा जन्म १८६९ मध्ये बडोदे संस्थानातील कठोर या गावचा. बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडे, नंतर आग्रा घराण्याच्या नत्थन खाँ यांच्याकडे, आणि पुढे अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली. १९१६ सालीच, म्हणजे बडोद्यास परिषद भरली त्याच वर्षी, ‘स्वयंवर’ नाटक रंगभूमीवर आले आणि त्याचे संगीत बुवांनी दिले. बालगंधर्व हे बुवांचे शिष्य. ‘स्वयंवरा’तील पदे आज शंभराहून अधिक वर्षे मराठी घरांत गायली जात आहेत. ती पदे गोड आहेत हे कोण नाकारील? परंतु ती नीट ऐकावीत. पदाचा मुखडा तालाच्या कोणत्या मात्रेवरून उचलला आहे, शब्द फोडून तो लयीत कसा वाटला आहे, समेकडे येताना किंचित अडवून कसा सोडला आहे, हे पाहिले म्हणजे आमच्या मते नत्थन खाँची तालीम तेथे बोलताना ऐकू येते. जो मराठी रसिक बालगंधर्वांवर जीव टाकतो, त्याने आग्र्याची लय नकळत, साखरेच्या पाकातून का होईना, आपलीशी केलेली आहे. त्याची आवड त्याच्या मताहून विशाल आहे. मत तेवढे अरुंद राहिले.

आणखी एक धागा या पत्राच्या कोकणी वाचकांस विशेष जवळचा वाटेल. १९१७ च्या सुमारास श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे तरुण विद्यार्थी भातखंड्यांच्या सूचनेवरून बडोद्यास फैयाझ खाँसाहेबांकडे शिकावयास आले. पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य या नात्याने त्यांनी जी शिष्यशाखा तयार केली, तीत बैलहोंगलचे के. जी. गिंडे होते, आणि कोकणी ज्यांची मातृभाषा असे एस. सी. आर. भट व दिनकर कायकिणी होते. बडोद्याच्या खाँसाहेबांचे गाणे लखनौच्या वाटेने असे कोकणी घरांत पोहोचले. बडोद्यात त्यांचा अभिमान राहिला आणि त्यांची विद्या अन्यत्र फळली, असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल. परंतु ते अगदीच खोटे नाही.

४

यावर एक सयुक्तिक शंका निघते : आवडीला पुरावा मागणे हेच मुळात चूक नाही का? ज्यास जे आवडते ते त्याने ऐकावे. रुचिभेद हा जगाचा स्वभाव आहे. आम्हांस हे मान्य आहे. कोणाच्या आवडीवर आम्ही फिर्याद लावू इच्छीत नाही. परंतु आवड जेव्हा निवाड्याचा झगा घालून बाहेर पडते, तेव्हा तिची उलटतपासणी झालीच पाहिजे.

वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ हा १९६१ चा ग्रंथ मराठी संगीत-समीक्षेचा मानदंड समजला जातो, आणि तो योग्यच आहे. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांनी घराणी त्या रेषेवर बसविली : स्वराच्या टोकाशी किराणा, लयीच्या टोकाशी आग्रा, आणि दोहोंचा समतोल साधणारे जयपूर मध्यभागी. मांडणी इतकी सुबक आहे की वाचणारा चटकन होकार देतो. आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे, म्हणजे जयपूर घराण्यात शिकले होते. न्यायाधीशाचे घर निवाड्याच्या नेमक्या मध्यभागी निघावे, हा योगायोग असेलही. पण आमच्या धंद्यातला माणूस तेथे क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. यात आम्ही वामनरावांच्या प्रामाणिकपणाविषयी यत्किंचितही शंका घेत नाही. अत्यंत प्रामाणिक, अत्यंत बहुश्रुत समीक्षकाची आवडसुद्धा त्याच्या सिद्धांताच्या पायाशी कशी जाऊन बसते, एवढेच दाखवावयाचे आहे.

याच्या शेजारी बबनराव हळदणकरांचे ‘जुळू पाहणारे दोन तंबोरे’ ठेवावे. बबनरावांनी जयपूरची तालीम मोगूबाईंकडून आणि आग्र्याची खादिम हुसेन खाँ यांच्याकडून घेतली. पुढे गोव्याच्या कला अकादमीत त्यांनी अध्यापन केले, आणि २०१६ साली ते निवर्तले. दोन्ही घरांत जेवलेला हा माणूस दोन्ही घरांच्या स्वयंपाकाविषयी लिहितो. तेव्हा आग्र्याच्या वाट्याला ‘लयीचे टोक’ एवढेच येत नाही. बंदिशीचे शब्द, त्यांचा उच्चार, त्यांतला भाव हेही त्या गायकीचे घटक म्हणून समोर येतात. वामनरावांचा ग्रंथ अधिक रेखीव आहे, बबनरावांची साक्ष अधिक भरवशाची आहे, असे आमचे मत झाले आहे. दोन्ही ग्रंथ ज्याच्यापाशी आहेत त्याने ते याच क्रमाने वाचावेत.

पुराव्याच्या कायद्यात आणखी एक मार्मिक तरतूद आहे. साक्षीदार हयात नसेल, तर त्याचे विधान काही थोड्या प्रसंगी ग्राह्य धरले जाते. त्यांपैकी एक प्रसंग असा, की ते विधान त्याच्या स्वतःच्या आर्थिक हितसंबंधांविरुद्ध असावे. तर्क सरळ आहे : स्वतःचे नुकसान करणारी गोष्ट माणूस सहसा खोटी सांगत नाही. मैफलींच्या आठवणींना आम्ही हीच कसोटी लावतो. भक्ताने आपल्या दैवताची स्तुती केली, तिचे मोल थोडे. स्वतःच्या आवडीविरुद्ध जाऊन दिलेली साक्ष मात्र मोलाची.

अशी एक साक्ष आम्हांस मिळाली आहे. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत; वय नव्वदीच्या पलीकडे; जन्म जुन्या शहरातल्या वाड्यातला, मुक्काम आता मुलाकडे गोत्रीस. ते हिराबाईंचे निस्सीम भक्त. बारा-तेरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर त्यांनी एका वाड्याच्या चौकात फैयाझ खाँसाहेबांस ऐकले होते. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत असे : ‘पहिला अर्धा तास मला मुळीच आवडले नाही. नुसता घुमारा. मी पेंगू लागलो. मग त्यांनी चीज सुरू केली, आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणू लागले. पण प्रत्येक वेळी तो निराळ्या माणसाला उद्देशून म्हटल्यासारखा. कधी समोरच्या शेटजींना, कधी तबलजीला. एकदा माझ्याकडे पाहून म्हणाले, आणि मला वाटले की काहीतरी उत्तर द्यायला हवे. सम आली तेव्हा मी मोठ्याने हसलो. वडिलांनी डोळे वटारले, पण खाँसाहेबही हसत होते.’

या साक्षीत एकही विशेषण नाही. ती देणाऱ्याची आवड वेगळी आहे आणि ती त्याने लपविलेली नाही. पहिला अर्धा तास कंटाळा आला हेही तो सांगतो. आणि तरीसुद्धा, किंबहुना त्यामुळेच, आग्रा गायकीचे मर्म त्यात आले आहे : बंदिशीचे शब्द कोणाला तरी उद्देशून म्हणावयाचे असतात, लय हे संभाषणाचे साधन असते, आणि समेवर श्रोत्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. ‘सिंहासारखा आवाज’ या वाक्याच्या शंभर प्रतींहून ही एक साक्ष आम्ही अधिक जपून ठेवू.

५

प्रत्यक्ष मैफलीला पर्याय नाही, हे वाक्य सभांमधून इतक्या वेळा म्हटले जाते की त्यातला अर्थ झिजून गेला आहे. म्हणून ते कोणत्या अर्थाने खरे आहे, ते एका लहानशा अनुभवाच्या आधारे सांगतो.

मागे एका कोजागिरीस गोत्रीतील एका सोसायटीच्या सभागृहात गाण्याची बैठक झाली. श्रोते चाळीस-पन्नास, निम्मे मराठी, निम्मे गुजराती. गायक मध्यमवयीन, आग्र्याच्या परंपरेत शिकलेले. त्यांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण त्यांची कीर्ती मोठी नाही आणि आमच्या मुद्द्याला नावाची गरज नाही. शरद पुनवेच्या गरब्याचे ध्वनिवर्धक बाहेर मैदानावर गर्जत होते. त्यात आतला ध्वनिक्षेपक बिघडला. संयोजक घाबरले, गायकांनी हातानेच ‘असू द्या’ म्हणून खूण केली, श्रोत्यांस पुढे सरकून बसावयास सांगितले, खिडक्या लावून घेतल्या, आणि जयजयवंतीची आलापी सुरू केली.

जयजयवंतीत मंद्र पंचमावरून एकदम ऋषभावर जाण्याची एक जागा आहे. फैयाझ खाँसाहेबांच्या तबकडीवर आम्ही हा राग कितीदा तरी ऐकला होता, आणि दोन्ही गंधार, दोन्ही निषाद कोठे येतात हे पुस्तकी ज्ञानही आम्हांस होते. परंतु पंचम ते ऋषभ हे अंतर एक माणूस आपल्यापासून सहा हातांवर बसून, श्वास भरून, ध्वनिक्षेपकाच्या आधारावाचून ओलांडतो, तेव्हा त्या अंतराला वजन असते हे त्या रात्री कळले. आलापी पस्तीस-चाळीस मिनिटे चालली. पहिल्या पंधरा मिनिटांत चार-दोन मंडळी उठून गेली. राहिली ती हळूहळू एका श्वासावर आली. मग मध्यलयीतली बंदिश. आणि बोल वाटू लागल्यावर असे घडले, की ज्यांस तालाचे गणित येत नव्हते त्यांच्याही माना समेवर एकदम हलू लागल्या. शेजारच्या एका गुजराती भगिनींनी आम्हांस नंतर सांगितले, की गरब्यात टाळी कोठे पडणार हे अंगाला कळते, तसे हे कळत होते. इतकी अचूक समीक्षा आम्ही छापील लेखांत क्वचित वाचली आहे.

घरी येऊन आम्ही तीच जुनी तबकडी पुन्हा ऐकली, आणि ती आम्हांस प्रथमच सविस्तर वाटली. तिच्यातली प्रत्येक घाई म्हणजे कोठल्या तरी दीर्घ विस्ताराची घडी होती. ती घडी उलगडून पाहावयास आमचा कान त्या रात्री शिकला. फैयाझ खाँ आम्हांस समोर ऐकता येणार नाहीत. ते निवर्तल्यानंतर तीस वर्षांनी आमचा जन्म झाला. परंतु त्यांच्या गायकीचा जिवंत व्यवहार एकदा जवळून पाहिल्याने त्यांचा दस्तऐवज वाचता येऊ लागला. प्रत्यक्ष मैफलीचे मोल आमच्या मते हे आहे. ‘मी ऐकले, तुम्ही ऐकले नाही’ असे मिरविण्याचा परवाना तिने मिळत नाही. न ऐकलेले समजून घेण्याची पात्रता मिळते.

या विषयात काय पणास लागले आहे, ते सांगून लेख आवरता घेतो. ज्यांनी खाँसाहेबांस कळत्या वयात ऐकले, अशी माणसे आता मोजकीच उरली आहेत आणि ती सारी नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या साक्षी नोंदविल्या गेल्या नाहीत, तर येत्या काही वर्षांत फैयाझ खाँ हे सर्वस्वी ऐकीव होतील. आणि निव्वळ ऐकीव अभिमान किती पोकळ असतो, हे या शहराने पाहिले आहे. २००२ च्या दंगलीत खाँसाहेबांच्या कबरीची विटंबना झाली. ‘आमचे खाँसाहेब’ म्हणणाऱ्या शहरात हे घडले. ज्यांनी ते केले त्यांच्या कानांवर नटबिहाग पडला असता तर हात थांबले असते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. संगीताने माणसे सुधारतात याचा पुरावा आमच्यापाशी नाही. परंतु त्यानंतर शहरातल्या आम्हा सुशिक्षितांना जो खेद झाला, त्यात एका माणसाचे गाणे हिरावल्याचे दुःख किती होते आणि नावाला डाग लागल्याची खंत किती होती, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःस विचारावा. ज्याचे गाणे आपण घरी कधी लावीत नाही, त्याच्यासाठी उभे राहताना पायांत बळ कोठून येणार?

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. बडोद्यातल्या ज्या घरांत अशी वृद्ध माणसे आहेत, त्या घरांनी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. बोलते करताना ‘गाणे कसे होते?’ असे विचारू नये. त्याला उत्तर म्हणून विशेषणेच मिळतील. तुम्ही कोठे बसला होता, गवयाआधी कोण गायले, काय कंटाळवाणे वाटले, कोणत्या क्षणी मान हलली, आणि एरवी तुम्हांस कोणाचे गाणे आवडते, हे पाच प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टिपल्यावाचून आधीच्या चारांची किंमत ठरत नाही. हीच कसोटी आपण स्वतःच्या आठवणींनाही लावावी. मग त्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या असोत की गोत्रीच्या सभागृहातल्या.

आणि एवढे करणे ज्यास जड वाटेल, त्याने निदान एक करावे. आग्र्याचे गाणे शिकलेला कोणी गायक आसपास गाणार असेल, तर जावे, पुढे बसावे, आणि पहिला अर्धा तास उठू नये. त्यानंतर त्याचे मत विरुद्ध पडले तरी आमची हरकत नाही; ते मत त्याचे स्वतःचे असेल.